राणीचा माग, मायचं तळं

१४ फेब्रुवारी
नळाला आज तेराव्या दिवशी पाणी आलं. पाऊण तास. पिंपं, बादल्या, पातेली, शेवटी कुकरसुद्धा भरून ठेवला. नेमका तेव्हाच कुरिअरवाला दारात. सुनंदाच्या कादंबरीची प्रुफं. तिचे दोन्ही हात ओले, म्हणून सही मी केली. लग्नाला एकवीस वर्षं झाली, बायकोच्या पुस्तकावर माझी सही एवढीच असणार.
प्रकाशक नांदेडचे. महिन्याभरात दुरुस्त्या करून पाठवा म्हणतात. सु. प्राध्यापक आहे मराठीची, पण स्वतःचं लिहिलेलं तिला दिसत नाही. मला म्हणाली, "चुका काढा. मत देऊ नका."

१६ फेब्रु.
पन्नास पानं झाली. ही आमच्या मायची गोष्ट आहे!
सु. तीन वर्षं मायच्या मागे वही घेऊन का फिरत होती ते आत्ता कळलं. मला वाटायचं सासू-सुनेचं गूळपीठ जमलंय, चांगलं आहे, आपण कशाला मध्ये पडा.
बहात्तरचा दुष्काळ. आमच्या गावच्या तळ्याचं काम. बाया खड्ड्यातली माती टोपल्यांनी बांधावर टाकायच्या. पण तळं पूर्ण झालं की काम बंद, मग खडी फोडायला नऊ कोस लांब जायचं, लेकरं घेऊन. म्हणून संध्याकाळी हजेरी घेऊन मुकादम सायकलवर बसला की प्रत्येक बाई दोन-तीन टोपल्या माती परत खड्ड्यात लोटायची. दिवसा काढायची, संध्याकाळी टाकायची. काम सरत नव्हतं.
मी तेव्हा चार वर्षांचा, त्याच बांधावर गोधडीत झोपलेला असायचो. पुढे इंजिनियर झालो, चोवीस वर्षं सरकारी तळ्यांची माती मोजतोय. आणि आमच्या मायनं मोजमापाला असा चुना लावला होता हे मला छापील कागदावरून कळावं?

१७ फेब्रु.
सु.नं समजावून सांगितलं. ग्रीकांची जुनी गोष्ट आहे. एक राणी. नवरा लढाईला गेला तो वीस वर्षं आलाच नाही. घरात लग्नाला टपलेले पुरुष येऊन बसले, तिच्याच घरचं खाऊन. ती म्हणाली, म्हाताऱ्या सासऱ्यासाठी कापड विणतेय, ते पुरं झालं की तुमच्यातला एक निवडते. दिवसभर विणायची, अंधार पडला की उसवायची. अशी तीन वर्षं काढली तिनं.
"मायनं वाहिलेल्या मातीची गोष्ट ऐकली आणि मला तीच आठवली," सु. म्हणाली. "तिचा माग म्हणजे आपलं तळं."
मी म्हटलं, उसवलेल्या कापडाचा पुन्हा तेवढाच धागा होतो. उकरलेली माती फुगते. एक घनमीटर काढली तर सव्वा होऊन बसते. तेव्हा ही उपमा मापात बसत नाही.
"हे मत झालं," ती म्हणाली आणि चहा घ्यायला उठली. माझा नाही आणला.
राणीचं नाव मला धड उच्चारता येत नाही. घरात आम्ही नुसतं राणीच म्हणतो.

२१ फेब्रु.
पान ३४, ओळ ६. "लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात." लाल पेन! तेव्हा लातूर जिल्हा होता कुठे? दहा वर्षांनी झाला. तेव्हा आपण उस्मानाबादेत.
सु.नं कपाळावर हात मारला. मी दिवसभर खूश.
माय म्हणाली, "मी जल्मले तवा बीदर जिल्हा. लगीन झालं तवा उस्मानाबाद. तू मोठ्या शाळंत गेलास आन् लातूर झालं. आता चौकात बोर्ड लागलाय, उदगीर जिल्हा पाहिजे म्हनून. घर न्हाई हाललं माझं, जिल्हेच येऊन जाऊन राहिले."
ऑफिसात पण हाच विषय. प्यायला पाणी नाही आणि कलेक्टर ऑफिस कुठे बांधायचं यावर भांडणं.

२८ फेब्रु.
मायला लिहिता-वाचता येत नाही. तेव्हा सु. तिला रोज दुपारी एक प्रकरण वाचून दाखवणार असं ठरलं. माय ताटात तूर निवडत ऐकते. मी रविवारचा मधल्या दारात खुर्ची टाकून.
मायच्या दुरुस्त्या आजपासून सुरू:
नायिकेला "सकू" नाव कामून दिलं? ("आमच्या गल्लीत सकू म्हैस व्हती.")
कामावर खायला मिळणारी सुकडी वाटीनं नाही, ओंजळीनं मिळायची. पदर पसरायचा.
"आन् त्या राणीला मागनी घालनारे बसून खात व्हते म्हनं. आमच्यात बसून खायला व्हतं काय? आमच्यात मागनी घालनारी एकच, भूक."
सु.नं हे शेवटचं लगेच वहीत उतरवलं. म्हणाली, "आत्या, हेच मला सुचत नव्हतं."
मायचा चेहरा बघण्यासारखा. तूर निवडायची थांबली होती.

१ मार्च
नवऱ्याचं परत येणं वाचलं. कादंबरीत सात वर्षांनी येतो. माय हसून हसून बेजार.
"सात वर्सं! मिलिंद्याचा बाप हैद्राबादला गेला आन् चौदा म्हैन्यानं आला. सगळ्या अंगाला खरूज घेऊन. म्या दाराबाहीर निंबाच्या पाल्यानं आंघूळ घातली, मग घरात घेतलं."
"पण ग्रीक गोष्टीत..."
"ग्रीकांचं ग्रीकांपाशी."
सु. म्हणाली, "आत्या, ग्रीक काही परके नाहीत. तुमच्या पोराचं नाव कुणाचं आहे? मिलिंद राजा ग्रीकच होता की. भदंत नागसेनांना प्रश्न विचारणारा."
माय माझ्याकडे बघतच राहिली. मला तिनं हे नाव ठेवलं कारण औरंगाबादच्या कॉलेजला होतं आणि पोरगं तिथं शिकावं अशी तिची इच्छा. आता सकाळपासून "ए ग्रीका, बादली उचल" चाललंय.

६ मार्च
आज सु.नं पुस्तकात नसलेला भाग सांगितला. राणीचा नवरा भिकाऱ्याच्या वेषात घरी येतो. कुणी ओळखत नाही, बायकोसुद्धा. पाहुणा म्हणून म्हातारी दाई त्याचे पाय धुते. हाताला जुना व्रण लागतो आणि तिच्या हातातून पाय निसटतो. तिनं ओळखलेलं असतं.
"हे का नाही घेतलंस? हेच तर भारी आहे."
"तीनदा लिहिलं, तीनदा काढलं. आता कोण कुणाचे पाय धुतं? खोटं वाटायला लागलं."
माझं लक्ष मायच्या पायाकडे गेलं. डाव्या पावलावर एक चंद्रकोरीसारखी खूण आहे. लहानपणी मी तिच्यावरून बोट फिरवायचो. आज विचारलं, ही कशाची?
"दगड पडला व्हता," म्हणाली आणि लुगडं खाली ओढलं.

१३ मार्च
वाईट दिवस.
सतरावं प्रकरण. यात कोंडाई नावाची बाई ओव्हरसियरला जाऊन सांगते की बाया माती परत टाकतात. मग पोलीसपाटलाला बसवून काम पंधरा दिवसांत संपवतात आणि बायांची पांगापांग होते. सु.नं फार छान लिहिलंय. उंच, गोरी कोंडाई, डाव्या हातानं टोपली फेकणारी, चालताना गुणगुणणारी, उन्हात सकूच्या घागरीतून पाणी पिणारी.
मायनं ताट खाली ठेवलं. तूर सांडली.
"हे कोन सांगितलं तुला?"
"कुणी नाही आत्या. कल्पनेनं लिहिलंय. त्या ग्रीक गोष्टीत एक दासी फितूर होते. म्हणून मग मला इथं..."
"तुझ्या ग्रीक बाईनं फितुरी केली त्यात माझ्या नीलाक्काचा काय गुन्हा?"
आणि उठून गेली. सु. हातात कागद धरून तशीच. मी तूर गोळा केली.
नीलाक्का कोण? मी हे नाव कधी ऐकलेलं नाही.

१४ मार्च
सु.ची वही चाळली. "उंच. डावखुरी. गुणगुणायची. माझ्या घागरीतून प्यायची, सगळ्यांदेखत." मायनं सांगितलेलं, बिननावाचं. सु.ला वाटलं चार बायांच्या चार गोष्टी आहेत. तिनं त्या एकीच्याच अंगावर चढवल्या, आणि गोष्टीला फितूर बाई हवी होती ती हीच केली.
सु. रडली. मी म्हटलं, बदलता येतं, अजून छापलं नाही.
"बदलायचं काय ते तर कळू दे," ती म्हणाली.
माय जेवायला बसते, उठते. माझ्याशी बोलत नाही, सु.शी अजिबातच नाही. घरात तीन दिवसांचं शिळं पाणी आणि ही शांतता. मला दोन्ही सहन होत नाही.

२० मार्च
मायनं सकाळी सांगितलं, "गावाकडं ने. तळ्यावर."
गेलो, दोघंच. तळं ठणठणीत कोरडं. गाळ काढायचं काम चालू आहे, दोन जेसीबी, पंधरा ट्रॅक्टर. माय बांधावर बाभळीखाली बसली. बराच वेळ जेसीबीकडे बघत होती. मग म्हणाली, "ही मशिनं रातीला परत टाकीत असतील का रे?" आणि स्वतःच हसली. मग सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहून ठेवतो.
"नीलाक्का लिंगायताची. ईधवा. कामावर पान्याच्या घागरी येगळ्या असायच्या, तिच्या लोकांची येगळी, आपली येगळी. तिला ऊन लागलं, चक्कर आली, आन् तिनं सरळ येऊन माझी घागर तोंडाला लावली. सगळ्यांनी बघितलं. तवापासून तिच्या लोकांनी तिला येगळं बसवलं. आपल्या लोकांनी बी आपली म्हनलं न्हाई. ती आन् मी, दोघीच जेवायचो. तिची कुदळ सटकून माझ्या पायावर पडली, तर तिनं अंगावरचं लुगडं फाडून बांधलं. दुसरं लुगडं नव्हतं तिला."
मी पाण्याची बाटली दिली.
"माती टाकायची ती बी तिचीच अक्कल. सगळ्या बायांना तिनंच शिकवलं. आन् ओव्हरसियरला सांगितलं ते म्या."
मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.
"तू?"
"म्या. मोजायला आला व्हता. बाई, म्हनला, येवढी मानसं राबून राहिली, काम पुढं कामून सरकत न्हाई? म्या सांगितलं."
"का सांगितलंस माय?"
"वर ढग दिसाया लागले व्हते. बांधाचं तोंड उघडं. पाऊस आला असता तर सगळं वाहून गेलं असतं. बायांना काम पाहिजे व्हतं. मला पानी पाहिजे व्हतं. तुझी जीभ कोरडी पडायची झोपेत, मी बोटानं बघायची."
ओव्हरसियर नीलाक्काच्या जातीचा होता. त्यामुळे सगळ्यांनी तिचंच नाव घेतलं. बायांनी तिच्या अंगावर माती टाकली. माय तिथेच उभी होती. बोलली नाही. आठ दिवसांत नीलाक्का भावाकडे निघून गेली.
"आन् तळं भरलं त्या साली," माय म्हणाली. "काठोकाठ."
ते पाणी मी प्यालो. चौथीपर्यंत याच तळ्यात पोहायला शिकलो. तिचा हात हातात घेतला. नुसती हाडं. इतकी आवडली मला ती त्या वेळी, आणि इतका रागही आला, नीलाक्कासाठी.

२१ मार्च
सु.ला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे राणी पण तीच आणि दासी पण तीच." मग म्हणाली, "अडीच हजार वर्षांत हे कुणाला सुचलं नसेल." मग तोंडावर हात ठेवला. लेखिका आधी बोलली, सून मागून. तिचं तिलाच वाईट वाटलं.
मायकडे गेली. मायनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. आठ दिवसांनी. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं, बादलीभर पाणी वाया घालवलं. कुणी रागावलं नाही.

२२ मार्च
सु. म्हणते ते प्रकरण काढून टाकते. कोंडाईच नको.
माय म्हणते काढू नको.
"मग आत्या, तुमचं नाव घालू? म्हणजे सकूचं?"
"अगुदर मला तिला सांगू दे. तिला पुस्तकातून कळाया नगं. जित्ती हाय का न्हाई ते तरी बघ."

३ एप्रिल
जिवंत आहे.
शोध असा: मायला एवढंच आठवत होतं की भाऊ हिमायतनगरला किराणा दुकानात बसायचा. मार्केट यार्डातल्या ओळखीच्या आडत्याला विचारलं. लिंगायत समाजाचे, उदगीरचे. त्यांनी दोन फोन केले, तिसऱ्या फोनवर नीलाक्काचा भाचा. दुकान त्याचंच आहे. आत्या त्याच्याकडेच असते, ऐंशीच्या घरात, मोतीबिंदूनं डोळे जवळजवळ गेलेले. ऑपरेशन करू देत नाही.
भाच्यानं विचारलं, कोण म्हणून सांगू?
मायनं नको म्हणून मान हलवली. मी म्हटलं, लातूरकडचे आहोत, गावच्या ओळखीचे. येऊन भेटतो.

११ एप्रिल
प्रकाशकांचा फोन. मुदत उलटली. सु.नं आजारी असल्याचं सांगितलं. तिला खोटं बोलता येत नाही. त्यांनी विचारलं काय झालंय, तर म्हणाली, "सतरावं प्रकरण." नशीब, ते हसले. पंधरा दिवस दिले. त्यानंतर छापायला घेणार, आहे तसं.

१२ एप्रिल
लातूरला रेल्वेनं पाणी आलं. स्टेशनवर ही गर्दी, लोक टाक्यांसोबत फोटो काढून राहिले. मला ड्यूटी होती. माय म्हणाली, रेल्वेत पानी बसतं तर मी बी बसन. निघायची तारीख तिनंच काढली.

१६ एप्रिल, हिमायतनगर
बसनं नांदेड. तिथून आदिलाबादकडची गाडी. मायला खिडकी. मुदखेडला गाडी थांबली तेव्हा तिनं विचारलं, "अजून किती जिल्हे?" मी म्हटलं, एकही नाही, हिमायतनगर नांदेड जिल्ह्यातच आहे. "मग बरंय," म्हणाली. पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. आत दोन लुगडी, तुरीची डाळ आणि तिचा बुद्धाचा छोटा फोटो.
दुकान बाजारगल्लीत. घर मागे. भाचा अगत्यानं आत घेऊन गेला. ओसरीवर नीलाक्का बसलेली. उंच बाई होती हे बसल्या जागीच कळतं. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग. डोळ्यांत पांढरी साय.
"कोन आलंय?"
"लातूरकडचे पाहुणे, आत्या."
"तिकडं पानी न्हाई म्हनं प्यायला." आणि उठली. "पाय धुवा अगुदर. उनातून आलेत."
सु.नं माझं मनगट धरलं. तिची नखं रुतली.
भाचा म्हणाला, मी देतो पाणी. पण तिनं ऐकलं नाही. तांब्या भरून आणला, भिंतीला हात लावत लावत. या उन्हाळ्यात इतका भरलेला तांब्या. मी पाय पुढे केला, तिनं पाणी घातलं. सु.नं केला. मग माय. माय एक शब्द बोलली नव्हती. पिशवी छातीशी धरून उभी.
नीलाक्कानं पाणी घातलं. वाकून पावलावरून हात फिरवला, धूळ निघाली का बघायला. आधी आमच्या पावलांवरून फिरवला होता तसाच. मग हात थांबला. परत मागे आला. अंगठा त्या खुणेवर.
तांब्या कलंडला. सगळं पाणी ओसरीवर.
सु. मला सांगत होती ते, आता कोण कुणाचे पाय धुतं.
नीलाक्का उठली नाही. पाय तसाच धरून म्हणाली, "कुदळीचाच हाय का गं हा?"
माय म्हणाली, "तुझ्याच."
मग दोघी ज्या रडल्या. मला ते लिहिता येणार नाही. भाचा गोंधळून मला विचारत होता, साहेब, काय झालं, कोण आहेत ह्या?

१७ एप्रिल
माय अजून बोललेली नाही. म्हणजे जे बोलायला आलो ते. काल रात्री उशिरापर्यंत दोघी एकमेकींना गावातल्या मेलेल्या माणसांची नावं सांगत होत्या. नीलाक्का एकेक नाव विचारायची, माय "गेली" म्हणायची.
सकाळी मायनं आम्हाला हाकललं. "जा, धबधबा बघून या."
इस्लापूरजवळचा सहस्रकुंड. भाच्यानं मोटारसायकल दिली. गेलो. धबधब्याला एक थेंब नाही, नुसता काळा खडक, खाली हिरवट डबकं. आमच्याशिवाय बघायला कोण येणार. सु. खडकावर बसली. म्हणाली, "मी त्या बाईला न बघता फितूर केलं. गोष्टीत एक जागा रिकामी होती म्हणून."
मी म्हटलं, मायनं चव्वेचाळीस वर्षांपूर्वी तेच केलं.
"त्यांच्याकडे तुम्ही होतात. माझ्याकडे नुसती कादंबरी."
शेंगा खाल्ल्या दोघांनी.
परत आलो तर दोघी जात्याजवळ बसलेल्या. मी डोळ्यानं विचारलं. मायनं नाही म्हणून मान हलवली. म्हणाली, "मी राहते हितं. तुम्ही जावा."
"किती दिवस?"
"सांगन."
गाडीत तिची खिडकी रिकामी. सु. तिथं बसली नाही, मीही नाही.

२० एप्रिल, लातूर
घर मोठं वाटतं. तूर निवडायची पडून आहे. "ग्रीका" म्हणायला कुणी नाही.
सु.नं सतरावं प्रकरण वेगळं काढून ठेवलंय. रोज कॉलेजातून आली की एक पान लिहिते. संध्याकाळी फाडते. आज मी तिच्याकडे बघून हसलो, तर म्हणाली, "एक शब्द बोलू नका." मी बोललोच नव्हतो.

२३ एप्रिल
भाच्याला फोन. दोघी ठीक आहेत. माय चक्क दुकानात बसून डाळ मोजून देते म्हणे. मायला फोन दे म्हटलं, तर ती म्हणाली, काम चालू हाय, नंतर.

२६ एप्रिल
आज प्रकाशकांची मुदत संपते. सतराव्या प्रकरणाच्या जागी सु.नं कोरा कागद ठेवलाय, वर नुसता आकडा.
दुपारी मायचा फोन आला. सु.नं स्पीकरवर टाकला.
"सांगितलं," माय म्हणाली. "परवाच्याला सांगितलं."
"मग?"
"उठून आत गेली. दोन दिस झाले, बोलत न्हाई माझ्यासंगं. भाकर वाढती, ताट सरकवती, बोलत न्हाई. पानी देती तर घागर येगळी न्हाई. पर बोलत न्हाई."
मला वाटलं ती रडतेय. म्हटलं, माय, मी उद्या सकाळीच निघतो तुला घ्यायला.
"कसा नेतूस? माझी पिशवी दडवून ठिवली तिनं. लुगडी, फोटू, समदं त्यातच. कुठं ठिवली इचारलं तर तोंड फिरवती."
सु. कोऱ्या कागदावर हात ठेवून बसलेली. हळूच म्हणाली, "आत्या, मग मी काय लिहू?"
पलीकडून कुणीतरी जवळच भांडं आपटल्याचा आवाज आला. मग माय आवाज बारीक करून म्हणाली, "थांब की गं जरा. आन् खरं सांगू का, मी बी ती पिशवी हुडकून न्हाई राहिले."